वाळूतले गोडे पाणी आणि विजेची परीक्षा
(विहीर वा बोअर घेण्याआधी जमिनीच्या पोटात पाहावे कसे?)



मढ, एरंगळ, आक्से, मनोरी, गोराई, त्यापलीकडे उत्तन आणि खाडी ओलांडली की वसई. या किनाऱ्यावर ज्यांची वाडी आहे त्यांना एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण वाडीतल्या विहिरीचे पाणी गोडे. दहा-पंधरा फूट वाळू उकरली की पाणी लागते आणि त्यावर मोगरा, तोंडली, वांगी, माठ, केळी असे सारे काही पिकते. पूर्वी याच विहिरींवर रहाट फिरत.

दुसरी गोष्ट मात्र आपल्याला उशिरा कळते. पाणी कमी पडते म्हणून कोणी विहिरीच्या तळात बोअर मारतो, मोठा पंप बसवतो. एक-दोन उन्हाळे भरपूर पाणी निघते. मग एका वैशाखात पाण्याला मचूळ चव येते, मोगऱ्याची पाने कडेने करपतात आणि आजूबाजूच्या वाड्यांतूनही तीच तक्रार सुरू होते. तेव्हा पंप बंद करून भागत नाही. एकदा वाळूत शिरलेले खारे पाणी पावसाने धुऊन निघायला कित्येक वर्षे लागतात.

ही वेळ येऊ नये म्हणून खोदाईआधी जमिनीच्या पोटात डोकावून पाहता येते. त्यासाठी खोदावे लागत नाही. विजेचा अगदी लहान प्रवाह जमिनीत सोडून वाळू, गोटे, चिखल आणि पाषाण यांचे थर ओळखता येतात. ही परीक्षा कशी होते, तिचे आकडे कसे वाचायचे, ती कोठे फसवते आणि तिच्या आधारे आपण काय करायचे, हे आज पाहू.

जमिनीखाली आहे काय?

आपल्या मुंबई उपनगरांचा पाया ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल. उभ्या खांबांची जुडी बांधून ठेवावी तसा तो काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो अवशेष. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी अशाच ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत. तिथल्या भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवायला कातळात टाकी खोदली. तिथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. अखंड कातळात पाणी आपोआप साठत नाही, त्यासाठी टाके कोरावे लागते, हे त्यांना पुरते माहीत होते.

या पाषाणावर जागोजागी वेगवेगळे पांघरूण आहे. पश्चिमेला समुद्राने आणून टाकलेली पुळण आहे. तिच्यात कोठे कोठे शिंपल्यांच्या चुन्याने घट्ट झालेला वाळूचा थर सापडतो, त्याला कोकण किनाऱ्यावर करल म्हणतात. पुळणीच्या मागे खाड्यांच्या काठी खाजण आहे, म्हणजे खारट काळा चिखल. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या बाजूला ठाण्याच्या खाडीकाठी हाच चिखल आहे आणि त्यावरच मिठागरे बसली. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या डोंगरातून उतरतात, तेथे त्यांच्या जुन्या पात्रांत गोटे आणि जाडी वाळू मिळते. बाकी ठिकाणी माती, मुरूम आणि खाली पाषाण.

यांतल्या कोणत्या थरात पाणी साठते? चिखलात पाणी असते, पण तो ते सोडत नाही. अखंड पाषाणात पाणी मावतच नाही. वाळू आणि गोटे मात्र पाणी धरतातही आणि देतातही. म्हणून वाळूचा थर कोठे आहे, किती जाड आहे आणि त्याच्या खाली काय आहे, या तीन प्रश्नांवर विहिरीचे भवितव्य ठरते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच आपण विचारीत नाही. कारण सांगतो. गोडे पाणी हलके, समुद्राचे पाणी थोडे जड. वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, दुधावर साय असते तसे. हॉलंडमध्ये बाडोन गायबेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीत हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. हे ऐकून बरे वाटते. पण हाच हिशेब उलटा करून पाहा. पंपाने पातळी कायमची १ फूट उतरवली, तर खालून खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते.

आपल्या पुळणीत प्रत्येक ठिकाणी ४० फूट वाळू नसते. कोठे १५ फुटांवर चिखल लागतो, कोठे २५ फुटांवर पाषाण. खाली पाषाण वा घट्ट चिखल असेल तर खालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला काहीसा अडसर होतो, पण समुद्राच्या वा खाडीच्या बाजूने ते आडवे शिरू शकते. वाळूच खोलवर गेली असेल तर ते थेट खालून येते. एकाच वाडीच्या दोन टोकांना ही स्थिती वेगळी असू शकते. वरून पाहिले तर दोन्हीकडे सारखीच पुळण दिसते.

वीज जमिनीत काय पाहते?

आपल्याकडे विहिरीची जागा पाणाड्या सांगतो. कोणी उंबराची फांदी धरतो, कोणी तळहातावर नारळ ठेवतो. त्याला मान द्या, पण एक विचारा : “पाणी आहे हे सांगितलेत, गोडे की खारे? आणि किती फुटांवर थांबू?” याचे उत्तर फांदी देत नाही.

विजेची परीक्षा याचे उत्तर देऊ शकते, कारण प्रत्येक थर विजेला वेगवेगळा अडवतो. कोरडी वाळू विजेला फार अडवते. गोड्या पाण्याने भिजलेली वाळू मध्यम अडवते. चिखल थोडा अडवतो. खाऱ्या पाण्यातून तर वीज धावतच जाते. काळा पाषाण पुन्हा पुष्कळ अडवतो. या अडवण्याला विद्युत रोध म्हणतात आणि तो ओहम-मीटर या मापात मोजतात.

फ्रान्समध्ये कॉनरॅड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली जमिनीत वीज सोडून असे मोजमाप करून पाहिले. अमेरिकेत फ्रँक वेन्नर यांनी १९१५ मध्ये चार खुंट्यांची सोपी पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या आरंभी भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि तिच्यामार्फत ही परीक्षा खेडोपाडी पोहोचली.

पद्धत अशी. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीची वीज सोडतात. आतल्या दोन खुंट्यांत किती दाब उमटला ते यंत्र मोजते. मग साधा गुणाकार : दाबाला प्रवाहाने भागावे, खुंट्यांमधल्या अंतराने गुणावे आणि पुन्हा ६.२८ ने गुणावे. समजा अंतर १० मीटर आहे, प्रवाह १०० मिलिअँपिअर आणि दाब ५० मिलिव्होल्ट. भागाकार आला ०.५. त्याला १० ने आणि ६.२८ ने गुणले की रोध आला सुमारे ३१ ओहम-मीटर.

खुंट्या जवळ असतील तर वीज वरच्या थरातूनच जाते. खुंट्या लांब नेल्या की ती खोल उतरते. म्हणून एकाच जागी मध्यबिंदू कायम ठेवून अंतर २, ५, १०, २० मीटर असे वाढवीत नेतात आणि प्रत्येक वेळी आकडा टिपतात. विहीर न खोदता एकेक पायरी खाली उतरावे तसे हे काम आहे. ढोबळ नियम असा, की जितके खोल पाहायचे त्याच्या पाचपट लांब रेषा लागते. ६० फूट खोल पाहायचे तर ३०० फुटांची सरळ मोकळी जागा हवी.

अलीकडच्या यंत्रांत चार खुंट्यांऐवजी २४, ४८ किंवा ७२ खुंट्या एकाच दोरावर जोडतात. यंत्र आपोआप आळीपाळीने चार-चार खुंट्या निवडते आणि संगणक त्या हजारो आकड्यांतून जमिनीचा उभा छेद रंगांत काढतो. वाळूचा थर कोठे जाड झाला, कोठे निमुळता झाला, कोठे संपला, हे चित्रात दिसते. आपल्यासारख्या चिंचोळ्या पुळणींना हीच पद्धत अधिक उपयोगी, कारण येथे शंभर पावलांत जमीन बदलते.

आकडे कसे वाचावेत?

पुढचे आकडे ढोबळ आहेत. जागेप्रमाणे ते खालीवर होतात. तरी मनात ठेवावेत.

कोरडी वाळू : काही शेकडा ते हजारावर ओहम-मीटर.
गोड्या पाण्याने भरलेली वाळू व गोटे : सुमारे २० ते १००.
चिकणमाती : सुमारे ५ ते २०.
खाजणातला खारट चिखल किंवा खाऱ्या पाण्याची वाळू : सुमारे १ ते ५, कधी त्याहून कमी.
मुरूम व झिजलेला खडक : सुमारे २० ते ५०.
अखंड काळा पाषाण : शंभराच्या वर, पुष्कळदा काही शेकडा.
खुद्द समुद्राचे पाणी : सुमारे ०.२.

आता दोन वाड्यांची कल्पना करा. पहिल्या वाडीत २ मीटर अंतराला आकडा आला ३००, ५ मीटरला ९०, १० मीटरला ३८ आणि २० मीटरला १०. म्हणजे आकडा उतरतच चालला आहे. वर कोरडी वाळू, तिच्याखाली गोड्या पाण्याची वाळू, आणि त्याखाली खारे पाणी किंवा खारट चिखल. येथे खोल बोअर मारणे म्हणजे स्वतःच्या हाताने समुद्राला दार उघडून देणे.

दुसऱ्या वाडीत आकडे आले ३००, ९०, ६५ आणि मग ११०. म्हणजे आकडा उतरला आणि पुन्हा चढला. वाळूच्या खाली पाषाण आहे. खालून खारे पाणी येण्याचा धोका येथे कमी. पण वाळूतला साठाही तेवढाच, पाषाणापर्यंतचा. अधिक पाण्याच्या आशेने पाषाणात दोनशे फूट गेलात आणि खाली खाडीशी जोडलेली भेग लागली, तर तेथूनही खारे पाणी येऊ शकते.

लक्षात ठेवायचे एवढेच. शेवटचा आकडा चढता आहे की उतरता आहे, हे तंत्रज्ञाला आवर्जून विचारा. नुसते “पाणी आहे” एवढ्यावर समाधान मानू नका.

वीज कोठे फसवते?

बरं का, वरच्या यादीत एक अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. ५ ओहम-मीटर हा आकडा खारट चिखलाचाही असतो आणि खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूचाही. ३० हा आकडा गोड्या पाण्याच्या वाळूचा असतो तसा मुरुमाचाही असतो. यंत्र खोटे बोलत नाही. ते फक्त रोध सांगते. वाळू की चिखल, हे नाव आपण देतो.

ही अडचण केवळ समुद्रकाठची नाही. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग लाव्हाच्या खडकाचे आहेत आणि जाड गाळाची मोठी खोरी दोनच : तापीचे आणि पूर्णेचे. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेले गोटे आणि जाडी वाळू यांचे थर आहेत. रावेर-यावलच्या केळीबागा त्या पट्ट्यातल्या पाण्यावर उभ्या राहिल्या. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या काठी मात्र खारपाणपट्टा आहे. तेथे गाळ आहे, पण त्यातले पाणी पुष्कळ ठिकाणी खारट. समुद्र शेकडो मैल दूर असूनही रोधाचा आकडा तेथे खाली येतो, आणि तो चिकणमातीमुळे की खारेपणामुळे हा प्रश्न पडतोच. म्हणून तेथील सर्वेक्षणात रोधाचे आकडे आणि विहिरींच्या पाण्याचे पृथक्करण शेजारी ठेवून पाहावे लागते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विजेची परीक्षा आणि पाण्याची परीक्षा यांची अशीच सांगड घातली.

दुसरी फसवणूक पातळ थरांची. खोलवरचा पातळ वाळूचा थर विजेला दिसतच नाही. ५० फुटांवर ३ फुटांची वाळू असेल तर ती चित्रात हरवते. तिसरी फसवणूक आपल्या उपनगरांची खास. जमिनीत पाण्याचे नळ, विजेच्या केबली, जुनी लोखंडी कुंपणे, सिमेंटच्या सळया. वीज या लोखंडातून पळते आणि आकडे बिघडतात. मग खाली नसलेले खारे पाणी ‘दिसू’ लागते.

दुसरी साधने

विजेच्या जोडीला आणखी दोन पद्धती आहेत. पहिली, जमिनीवर घणाचा ठोका घालून त्याची थरथर दूरच्या यंत्रांत किती वेळात पोहोचते ते मोजणे. कोरड्या वाळूतून ती सेकंदाला काही शे मीटर जाते, पाण्याने भरलेल्या वाळूतून सुमारे १,५०० मीटर आणि अखंड पाषाणातून ४,००० मीटरच्या वर. थरथरीला पाणी गोडे की खारे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. त्यामुळे पाषाण किती खोल आहे हे ही पद्धत चांगले सांगते आणि वीज कोठे फसली तेही कळते.

दुसरी पद्धत जमिनीत रेडिओच्या लहरी सोडण्याची. कोरड्या वाळूत ती उत्तम चित्र देते, पण खारे पाणी किंवा चिखल लागला की लहरी तेथेच विरतात. आपल्याकडे तिचा उपयोग मर्यादित आहे.

मोठ्या क्षेत्रासाठी विमानातूनही पाहतात. केंद्र सरकारच्या भूजल नकाशा योजनेत २०१३ च्या सुमारास हेलिकॉप्टरखाली तारेचे मोठे कडे लटकवून देशात सहा ठिकाणी चाचणी झाली. त्यांत नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागा पाणलोट क्षेत्र होते. काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केले. आपल्या वाडीवर हेलिकॉप्टर येणार नाही. पण तत्त्व तेच आहे, आणि चार खुंट्यांनी आपले काम भागते.

परीक्षेच्या दिवशी काय करावे?

१. आधी स्वतःची माहिती लिहून ठेवा. विहिरीची खोली, मे महिन्यातली आणि ऑक्टोबरमधली पाण्याची पातळी, किती तास पंप चालतो, किती वेळात विहीर पुन्हा भरते. ही वही यंत्राइतकीच मोलाची आहे.

२. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षाराचा आकडा ‘विद्युतवाहकता’ या नावाने देतात. ०.७५ पर्यंत बहुतेक पिकांना चालते. २.२५ च्या वर गेला तर नेहमीच्या सिंचनाला ते पाणी वापरू नये.

३. रेषा मोकळ्या जागेतून, कुंपण आणि नळ यांच्यापासून दूर घ्यावी. दूर जाता येत नसेल तर रेषा त्यांना काटकोनात ठेवावी.

४. उन्हाळ्यात वरची वाळू भाजून निघते आणि खुंटीला जमीन धरत नाही. खुंटीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओता.

५. पहिली परीक्षा जुन्या विहिरीजवळ करवून घ्या. तिथले थर आणि पाणी तुम्हाला माहीत असते. त्या आकड्यांशी ताडून मग नव्या जागेचे आकडे वाचता येतात.

६. एक रेषा किनाऱ्याला समांतर आणि एक किनाऱ्याकडून आत अशी आडवी घ्यावी. खारे पाणी कोठपर्यंत आले आहे ते दुसऱ्या रेषेत कळते.

७. परीक्षा मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा झाली तर उत्तम. दोन चित्रांतला फरक म्हणजे तुमच्या साठ्याची चढउतार.

८. शेवटी हाताच्या गिरमिटाने एक बारीक भोक घ्या. दर ३ फुटांवरची वाळू-माती काढून ओळीने मांडा आणि चित्राशी पडताळा. हे केल्याशिवाय पंपाला पैसे घालू नका.

नकाशा हाती आल्यावर

बहुतेकांना वाटते, नकाशा मिळाला म्हणजे आता खोल जायला मोकळीक. आपल्या किनाऱ्यावर त्याचा खरा उपयोग कोठे थांबावे हे कळण्यासाठी आहे. चित्रात गोड्या पाण्याची वाळू २० फुटांपर्यंत दिसत असेल, तर विहिरीचा तळ १४-१५ फुटांवर ठेवा. खाली पाच-सहा फूट गोड्या पाण्याची गादी राहू द्या. पाणी अधिक हवे असेल तर खोली वाढवण्याऐवजी रुंदी वाढवा, किंवा वाळू जाड आहे तेथे दुसरी उथळ विहीर घ्या. एका मोठ्या पंपाने दोन तासांत उपसण्यापेक्षा लहान पंपाने सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे घ्या. ठिबक बसवले तर तेवढ्याच पाण्यात बाग निघते. दर आठवड्याला पाण्याची चव घ्या वा लहान मीटरने तपासा. आकडा चढू लागला की उपसा तेव्हाच कमी करा.

दुसरे असे, की हा नकाशा एकट्याचा होऊ शकत नाही. कुंपण वाळूच्या वर असते, वाळूच्या आत नसते. चार वाड्यांनी मिळून खर्च वाटून घेतला तर रेषाही लांब मिळते आणि उपशाचा नियमही सर्वांना मिळून ठरवता येतो. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. बागायतीतल्या विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाणे हा तिच्यातला एक कळीचा प्रश्न होता. एकाने टँकरला पाणी दिले तर शेजाऱ्याची विहीर खारट होते, हे तिथल्या बागायतदारांनी डोळ्यांनी पाहिले.

कायद्याचेही ध्यान ठेवा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, पुढे ते बदलले गेले, पण भरतीरेषेजवळ भूजल उपसण्यावर आणि वाळू काढण्यावर त्यांत बंधने आहेत. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. म्हणून खोदाईआधी महापालिकेकडे आणि तहसील कार्यालयात विचारणा करा.

वाळू ही पाण्याची कोठी

शेवटी एक हिशेब. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आपल्याकडे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २,००० धरला तरी एका गुंठ्यावर २ लाख लिटर पाणी पडते. त्या गुंठ्याखाली १० फूट जाडीची भिजलेली वाळू असेल, आणि ती आपल्या आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी सोडते असे धरले, तर साठा झाला सुमारे ६० हजार लिटर. दहा गुंठ्यांच्या वाडीखाली सहा लाख लिटरची टाकी फुकट मिळालेली आहे. तिला झाकण नको, रंग नको, आणि ती दर पावसाळ्यात आपोआप भरते.

हीच वाळू बांधकामाला विकली तर पैसा एकदाच मिळतो आणि टाकी कायमची जाते. खड्डा राहतो, आणि त्या खड्ड्यात भरतीचे पाणी यायला वेळ लागत नाही. वाळू-गोट्याचे नकाशे वाळूच्या व्यापाऱ्यालाही हवे असतात, हे विसरू नका. आपल्या वाडीचा नकाशा आपल्या हाती राहू द्या. त्यावर जेथे वाळू सर्वांत जाड आहे, तेथे विटा-सिमेंटची फरशी घालू नका. पागोळ्यांचे पाणी गाळून तेथेच मुरवा. समुद्राच्या बाजूची पुळण आणि तिच्यावरची मर्यादवेल, केवडा, सुरू जपून ठेवा.

उपनगरांत शेती आता थोडीच उरली आहे. जी उरली आहे ती या वाळूतल्या पाण्यावर उरली आहे. विहीर घेताना आपण मुहूर्त पाहतो, जागा पाहतो, पंपाची किंमत पाहतो. त्याच्या जोडीला एक दिवस विजेच्या खुंट्यांनाही द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून या परीक्षेची चौकशी करता येते. जाताना आपली वही, पाण्याचा अहवाल आणि सातबारा बरोबर न्या.

या उन्हाळ्यात, पाऊस लागण्यापूर्वी, निदान विहिरीची पातळी आणि पाण्याची चव लिहून ठेवायला आरंभ करा. पुढची परीक्षा त्या पानापासूनच सुरू होते.